पूजेत ठेवलेला कागद

मी तिसरीपर्यंत शिकलो. तिसरीत मास्तरांनी माझी चूक नसताना छडी मारली, तेव्हा पाटी तिथंच ठेवून घरी आलो. बाप म्हणाला, जा. मी म्हणालो, नाही जात. संपली शाळा. पुढं चाळीस वर्षं माग चालवला. माझ्या हातच्या लुगड्याचा काठ नुसता बोटानं चाचपून इतवारीच्या बाजारातला व्यापारी सांगायचा, की हे कोणाच्या मागावरून उतरलं. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही, खरं आहे म्हणून लिहितो. अक्षर मात्र तिसरीतलंच राहिलं. वाचायला जड गेलं तर सावकाश वाचा.

लिहायला बसण्याचं कारण असं. गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतली एक सून माझ्या ओट्यावर येऊन रडली. तिच्या पोराला मिरगी होती. धंतोलीतल्या दवाखान्यात नेऊन त्याच्या डोक्याचं ऑपरेशन केलं. झटके थांबले, पण पोरगं घरातली भांडी फेकायला लागलं, आजीला चावलं. ती म्हणाली, "बाबाजी, हे माहं पोरगं नव्हे जी. माहं कसं गुणाचं होतं. हे कोणतं दुसरंच लेकरू देलं त्याईनं मले."

अगदी हेच मी बोललो होतो, आणि ते माझ्या पोरीसमोर बोललो होतो.

माझी मोठी पोरगी चार वर्षांची असताना तिला मोठा ताप आला. तापात आकडी आली. ताप गेला, आकडी राहिली. खेळता खेळता थांबायची, डोळे एका जागी लागायचे, ओठ काही चघळल्यासारखे हलायचे, मान डावीकडे वळायची आणि मग धाडकन पडायची. शेजारपाजारच्यांनी कांदा हुंगवला, जोडा हुंगवला. मी कोणाला नाही म्हटलं नाही. मांत्रिकाला तेवढं ओट्यावर चढू दिलं नाही. त्यात माझं काही शहाणपण नव्हतं, त्याच्याशी माझं जुनं भांडण होतं.

मग डॉक्टरच्या गोळ्या सुरू झाल्या. सकाळी दोन, संध्याकाळी तीन. झटके कमी झाले, थांबले नाहीत. पोरगी मात्र शांत झाली. इतकी शांत, की गल्लीत लोक आपल्या पोरींना तिचं उदाहरण द्यायचे. हिरड्या सुजल्या होत्या, त्यामुळं ती हसायची नाही. चरख्यावर बसवली की कांड्या भरत राहायची. कांडी म्हणजे धोट्यात घालायची सुताची नळी. विणकराच्या घरात हे काम पोरीबाळींचंच. काही सांगा, "हौ बाबा" म्हणायची.

एक गोष्ट सांगतो. सकाळी गल्लीत ताणा, म्हणजे मागावर चढवायचे उभे धागे, पसरून त्याला खळ लावायची आणि वाळू द्यायचा, अशी आमची रीत. एकदा मी तिला ताण्यापाशी बसवलं आणि म्हटलं, "कुत्रं येऊ देऊ नको, मी आलोच." तिकडं बोलण्यात गुंतलो आणि विसरलो. दुपारी परत आलो, तर ताणा कधीचा वाळलेला, शेजाऱ्यांनी गुंडाळूनही ठेवलेला, आणि पोरगी उन्हात तिथंच बसलेली. ही गोष्ट मी कितीतरी दिवस कौतुकानं सांगत होतो. "याले म्हणते वळण," असं म्हणत होतो. ते वळण नव्हतं, गुंगी होती. बापाला सोयीची होती म्हणून बापाला दिसली नाही.

दहाव्या वर्षी झटके वाढले. दिवसातून दोन दोन यायला लागले. धंतोलीतल्या ज्या डॉक्टरकडं जायचो, ते एकदा मला समोर बसवून म्हणाले, "हिच्या डोक्यात लहानपणच्या तापाचा एक डाग राहिला आहे. झटका तिथूनच निघतो. तो डाग काढता येतो, पण आपल्याकडं नाही. मद्रासकडं जावं लागेल." त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. बायको म्हणाली, जायचं. तिनं माझ्याआधी ठरवलं होतं, हे मला आता कळतं.

तिकडं काय काय झालं ते सगळं लिहीत नाही. दीड महिना होतो. जेवणात रोज भात, आणि बाहेर दुकानाची पाटीसुद्धा वाचता येईना. म्हणजे तिथं मी आणि आपल्याकडचे मोठे मोठे साहेब सारखेच अडाणी. त्याचं मला जरा बरं वाटायचं. पोरीचं डोकं भादरलं, उजव्या कानाच्या वर उघडलं, शिवलं. ती शुद्धीवर आली तेव्हा तिनं पहिल्यांदा काय मागितलं असेल, तर तिखट. मी रडलो. तेवढं एकदाच.

निघायच्या दिवशी मोठ्या डॉक्टरनं आम्हाला उभं करून पुष्कळ सांगितलं. इंग्रजीत. सोबत मलबारची एक नर्स होती, तिला हिंदी माझ्याइतकीच येत होती. ती भरभर बोलली. त्यातलं "टैम लगेगा" आणि "मेडिसिन" एवढं मला कळलं. मग तिनं विचारलं, "समझा?"

मी म्हणालो, "समझा."

"पूरा समझा?"

"हौ, पूरा."

मागून बायकोनं माझ्या सदऱ्याची बाही ओढली. "काय म्हणून राहिली जी ती?"

"म्हणून राहिली बरी होईन. चाल, गाडी चुकन."

नर्सनं हातात दोन पानांचा, इंग्रजीत टाइप केलेला कागद दिला. मी तो घडी करून आतल्या खिशात ठेवला, घरी आल्यावर ट्रंकेत ठेवला. कोणाकडून वाचून घ्यायचा म्हणजे "मला येत नाही" असं आधी कबूल करायचं. ते मला जमत नव्हतं. आणि मनात असं, की जिथं आपल्या लेकराचा जीव वाचला तिथला हा कागद आहे. तो जपून ठेवायचा. वाचायचं काय त्यात?

झटके थांबले. पहिला महिना आम्ही रोज वाट पाहायचो, आज येतो का, उद्या येतो का. आला नाही. डोक्यावर केस उगवायला लागले. हिरड्या उतरल्या. तिकडच्या डॉक्टरनं जुन्या गोळ्या कमी करून एक नवी बारीक पांढरी गोळी सुरू केली होती. ती रोज माझ्या हातानं देत होतो.

आणि मग पोरगी बोलायला लागली.

आधी वाटलं, चांगलं आहे. पण ती थांबेना. जेवताना, शाळेतून येताना, मी माग चालवत असताना. खटखटीच्या वरून ओरडून बोलायची. मग भाजी आवडली नाही म्हणून ताट सरकवलं. मग ताट फेकलं. हसायला लागली की हसतच राहायची, आणि त्याच दमात रडायला लागायची. शेजारची बाई म्हणाली, "कशी आहेस वं पोरी?" तर हिनं उत्तर दिलं, "तुमाले काय करायचं हाये? तुमच्या घरची उतरंड सांभाळा." ती बाई आठ दिवस आमच्या दारावरून गेली नाही. खरं सांगायचं तर त्या एका वाक्याचा मला राग आला नव्हता. ते मलाच किती दिवस बोलायचं होतं.

पण बाकीचं सोसेना. मला उलटून बोलायची. बापाला "तुमी खोटे बोलता" म्हणायची. मी माझ्या बापासमोर मान वर केली नव्हती. म्हणजे शाळेचं ते एकदा सोडून.

गल्लीत चर्चा सुरू झाली. पारावर बसणारा एक म्हातारा मला म्हणाला, "डोस्कं उघडलं तवा हवा शिरली असन गा आतमंदी."

दुसरा म्हणाला, "हवा नाही, गोळ्याईची गरमी हाये. थे पांढरी गोळी लई गरम राह्यते. बंद करून पाय."

हे मला पटलं. का पटलं? कारण माझ्या मनात आधीपासून तेच होतं. मी घरी येऊन जाहीर केलं, "आजपासून गोळ्या बंद."

बायको चुलीपाशी होती. म्हणाली, "डॉक्टरले विचारलं काय?"

"मले विचारलं काय त्यानं, हे असं होईन म्हणून?"

गोळ्यांची शिशी उचलली आणि मागाच्या खड्ड्यात, जिथं माझे पाय असतात, तिथल्या कोनाड्यात ठेवून दिली. त्या खड्ड्यात माझ्याशिवाय कोणी उतरत नाही. पंधरा-सोळा दिवस गेले. पोरगी जरा निवल्यासारखी वाटली. मी पारावर जाऊन सांगितलं, "पाहा, गोळी सोडली अन् पोरगी नरम आली." म्हातारे म्हणाले, "आमी म्हणलंच होतं."

दसऱ्याला चार दिवस उरले होते. मागावर एक लुगडं चढलेलं, अर्ध्यावर आलेलं. सणाआधी उतरवायचं म्हणून मी घाईत होतो. कांड्या संपल्या. पोरीला हाक मारली, "कांड्या भर वं."

ती दारात उभी होती. "नाही भरत."

"काहून?"

"मले नाही आवडत. मले कधीच नाही आवडलं."

"मंग इतकी वर्सं कशी भरत होती?"

"मले काय मालूम?"

मला राग आला. मी म्हणालो, "आधी किती गुणाची होती. हे माही पोरगी नव्हेच. दुसरीच कोणती दिली त्याईनं. ऑपरेशन नसतं केलं तं बरं झालं असतं."

बोलून मी उठून पाणी प्यायला आत गेलो. परत आलो, तर ती मागापाशी उभी, हातात काठाचे धागे कापायची कात्री. ताण्यातले हातभर रुंदीचे धागे कापून मोकळे केलेले. ते खाली लोंबत होते. ती कात्री टाकून पळालीसुद्धा नाही. माझ्याकडं पाहत उभी राहिली.

विणकराच्या घरात चालू ताणा कोणी कापत नाही. मरणाच्या घरातसुद्धा नाही. मी हात उगारला. तिनं मान खाली घातली, आणि नव्यानं उगवलेल्या केसांतून ती शिवलेली रेघ दिसली, कानाच्या वर, माझ्या बोटाएवढी लांब. हात तिथंच राहिला. मी घराबाहेर गेलो आणि संध्याकाळपर्यंत नाईक तलावाच्या काठी बसलो.

पण ताणा मी जोडला नाही. तिनं कापला, तिनंच जोडावा. ती जोडेना. माग तसाच. घरात दोन हट्टी माणसं आणि मध्ये लोंबणारे धागे. बायको दोघांना सारखंच वाढायची.

दसरा आला. त्या दिवशी आमच्यात मागाची पूजा असते. माग पुसायचा, धोटा, फणी, कात्री सगळं मांडायचं, हळद-कुंकू, झेंडूचं फूल. धागे तुटलेल्या मागाची पूजा मी पहिल्यांदा केली. कात्री मांडताना हात अडला, पण मांडली. आणि मनात काय आलं कोणास ठाऊक, ट्रंकेतून तो दवाखान्याचा कागद काढला, धोट्याच्या शेजारी ठेवला, त्यालाही हळद-कुंकू लावलं, फूल वाहिलं. हात जोडून म्हणालो, पोरीला पहिल्यासारखी कर.

दुपारी दारात एक बाई उभी राहिली. पांढरं लुगडं, पायावर धूळ. पोरीच्या शाळेतल्या बाई. त्या रेल्वे फाटकापलीकडच्या वस्तीतल्या. छप्पन साली ज्यांनी धम्म घेतला त्या घरातल्या. त्या दिवशी त्यांची मंडळी दीक्षाभूमीला जातात, त्या तिथूनच पायी परत येत होत्या. त्यांनी मला शाळेत दोनदा बोलावणं पाठवलं होतं. मी गेलो नव्हतो. शाळेतून मी एकदा उठून आलो होतो, परत कशाला जाऊ?

"तुमी आले नाही, म्हणून मीच आली, दादा," त्या म्हणाल्या. "आत येऊ का?"

तोवर त्या वस्तीतल्या कोणाला मी ओट्याच्या आत बसवलं नव्हतं. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहितो. मी काही बोलायच्या आत बायकोनं चटई टाकली. "या न बाई, बसा जी."

बाई म्हणाल्या, "पोरगी वर्गात मारामारी करते. काल एकीची पाटी फोडली. हेडमास्तर नाव काढा म्हणून राहिले. मले नाव काढायचं नाही. मी दोन वर्सं पाहिली हे पोरगी. आधी वर्गात नुसती बसून राहे. आता पहिल्या बाकावरून हात वर करते. चुकीचं सांगते, पण सांगते. म्हणून विचाराले आली. डॉक्टर काय म्हणाले? काही लिहून देलं काय?"

मी म्हणालो, "हौ, सांगितलं सगळं."

"काय सांगितलं?"

मी मागाकडं पाहत राहिलो. बायकोनं बोट दाखवलं. "थो पाहा कागद. पूजेत हाये."

बाईंनी विचारलं, "हात लावू काय?" मी मान हलवली. त्यांनी फूल बाजूला ठेवलं, कागद उचलला, झटकला. एका ओळीवर कुंकू सांडलं होतं, ते नखानं खरवडलं. आधी मनात वाचला. एक-दोनदा थांबल्या. एका ठिकाणी म्हणाल्या, "हा शब्द मले येत नाही, हा डॉक्टरले विचाराल." किती सहज म्हणाल्या! मॅट्रिक होऊन मास्तरीण झालेली बाई, परक्या घरात बसून, "मला येत नाही" म्हणते, आणि तिचं काहीच बिघडत नाही.

मग त्यांनी मराठीत सांगितलं. एकेक ओळ.

ऑपरेशननंतर काही महिने, कधी वर्षभरही, मूल चिडेल, रडेल, मोठ्यानं हसेल, ऐकणार नाही. मेंदूची नव्यानं घडी बसायला वेळ लागतो. नव्या गोळीनंही काही मुलं चिडचिडी होतात. तसं झालं तर जवळच्या डॉक्टरला दाखवावं, ते गोळी हळूहळू बदलतील. मुलाला मारू नये. शाळा सोडवू नये. ते मुद्दाम करत नाही.

"अन् हे पाहा," बाई म्हणाल्या, "हे खाली रेघ मारून लिहिलं हाये. औषध एकदम बंद करायचं नाही. केलं तं जोराचे झटके येतात. एकावर एक. जीव जाऊ शकते."

मी बोटांवर दिवस मोजले. गोळी बंद करून वीस-बावीस दिवस झाले होते. पोरगी मागच्या दारात शेजारच्या पोरांवर ओरडत होती, तो आवाज मला ऐकू येत होता.

बाईंनी शेवटची ओळ वाचली, "सर्व सूचना वडिलांना समजावून सांगितल्या आहेत. वडिलांनी समजल्याचे सांगितले."

बायको तेव्हा बोलली. माझ्याकडं न पाहता, बाईंना सांगितल्यासारखं. "गोळ्या बंद नाही झाल्या जी. मी देऊन राहिली."

"कुठून?" मी म्हणालो. "शिशी तं खड्ड्यात हाये."

"तुमी नळावर आंघोळीले जाता न, तवा उतरतो मी खड्ड्यात. गुळात घालून देतो तिले. एकबी दिवस चुकला नाही."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुमी ऐकता काय?"

बाईंनी पदर तोंडाला लावला. हसू दाबत होत्या. मी पारावर जे सांगून आलो होतो ते आठवलं. गोळी सोडली आणि पोरगी नरम आली! मला राग यायला हवा होता. माझा राग मला चांगला ओळखीचा आहे, तो कुठून कसा चढतो मला माहीत आहे. त्या दिवशी तो आलाच नाही. मी उठलो, आपट्याची पानं घेतली, बाईंच्या हातात दिली आणि वाकलो. त्या म्हणाल्या, "अवं माय, दादा, काय करता." पुरणाची पोळी खाऊन गेल्या. बायकोनं स्वतःच्या ताटाशेजारी ताट मांडलं होतं.

मग बायकोलाही सोनं दिलं. ती म्हणाली, "सकाळीच देलं होतं." मी म्हणालो, "हे वेगळं."

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन धंतोलीत गेलो. डॉक्टरांनी हळद पाहून विचारलं, हे काय? मी खरं ते सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "चूक माझीही आहे. मी समजलो तुम्ही वाचून घेतला असेल." नवी गोळी दोन महिन्यांत थोडी थोडी उतरवून दुसरी दिली. मी प्रत्येक वेळी विचारलं, किती, कधी, कशासाठी. बाईंना न आलेला तो शब्दही विचारला. आता तो मला आठवत नाही. अर्थ एवढाच होता, की हे होईल हे आधीपासून माहीत होतं.

राहिला ताणा. मी पोरीला म्हणालो, "चाल, जोडू."

"मी एकटी नाही जोडत."

"मी कुठं म्हणलं एकटी? तू तिकडून, मी इकडून."

तुटलेल्या धाग्याला नवा तुकडा लावायचा, बोटाला जरा राख घेऊन पीळ द्यायचा. एकेक धागा. तिची बोटं बारीक, माझ्याहून चलाख. आठ दिवस आम्ही मागाच्या दोन्ही अंगांना बसलो. ती चिडायची, उठून जायची, परत यायची. मी वाट पाहायचो. इतका वेळ मी कोणाचीच वाट पाहिली नव्हती. आणि ती बोलायची. त्या आठ दिवसांत मला कळलं, की तिला दोडक्याची भाजी आवडत नाही, गणित आवडतं, धाकट्या भावाला ती घाबरवते, आणि उन्हाचा तिला राग आहे.

एकदा मी विचारलं, "आधी तं सगळ्याले हौ हौ म्हणे तू?"

ती धागा पिळत होती. म्हणाली, "तुमी काय म्हणत होते ते मले समजे नाही, बाबा. दुरून बोलल्यासारखं वाटे. हौ म्हटलं की तुमी जात होते, म्हणून हौ म्हणे."

मग मी तिला ती मलबारची नर्स सांगितली. "समझा? पूरा समझा?" सगळं सांगितलं. बायकोलासुद्धा तोवर सांगितलं नव्हतं.

ती ओरडली, "तुमीबी?" आणि अशी हसायला लागली की हातातला धागा सुटला. या वेळी ती थांबेपर्यंत मीही हसत होतो.

ते लुगडं दिवाळीनंतर उतरलं. जोडाची जागा दिसत होती. व्यापारी म्हणाला, हे तुमच्या हातचं नाही. मी म्हणालो, अर्धं माझ्या हातचं आहे. त्यानं घेतलं नाही. बायकोनं नेसलं, पुष्कळ वर्षं नेसलं.

पोरीचा राग एका दिवसात गेला नाही. वर्षभर लागलं. बाईंनी हेडमास्तरांशी भांडून नाव राखलं. राग आला की वर्गातून उठायचं, अंगणातल्या कडूनिंबाला तीन फेऱ्या मारायच्या आणि परत येऊन बसायचं, अशी तिला परवानगी होती. बाकीची पोरं म्हणायची, आम्हालाही राग येतो. बाई म्हणायच्या, तुमचं डोकं उघडून आणा, मग जा. झटका मधे दोनदा आला, गोळी चुकली तेव्हा. गोळी तिला अजूनही आहे, एक. दहावी दोन वेळा बसून पास झाली. आता बालवाडी चालवते. लेकरं तिला घाबरतात आणि तिच्याच मांडीवर बसतात. स्वभाव तिखट राहिला. आधी वाटायचं हे ऑपरेशनचं उरलेलं. बायको म्हणायची, "ऑपरेशनचं काय नाव घेता, हे तुमचं हाये."

बायको आता नाही. बाईही निवृत्त होऊन लेकाकडं गेल्या. ज्यांना मी वेळेवर धन्यवाद दिले नाहीत अशी माणसं पुष्कळ आहेत. ती मलबारची नर्ससुद्धा. तिनं दोनदा विचारलं होतं.

तर ती रडणारी सून. तिच्याजवळ प्लास्टिकच्या पिशवीत दवाखान्याचे कागद होते, त्यात अंगाऱ्याची पुडीही होती. मी म्हणालो, "वाचले काय हे?"

"हौ जी. आमच्या याईनं वाचले."

"काय लिहिलं हाये?"

"सगळं समजलं म्हणे."

"तुले समजलं काय?"

"हौ."

"मंग सांग मले."

ती खाली पाहायला लागली. ते खाली पाहणं मला माहीत आहे. मी आत हाक मारली. माझी पोरगी हात पुसत बाहेर आली आणि आधी माझ्यावरच ओरडली, "बाबा, तिले पाणी तं देलं असतं पहिले!" मग तिच्याजवळ खाली बसली, पुडी बाजूला ठेवली, आणि एकेक ओळ वाचून सांगायला लागली.

मीही ऐकत होतो. दोन ठिकाणी मधेच थांबवून म्हणालो, "हे नाही समजलं, पुन्हा सांग." दोन्ही वेळा ती माझ्यावर खेकसली, आणि दोन्ही वेळा तिनं पुन्हा सांगितलं.